शेजारगावचे दफ्तर

ग्रामपंचायतीची कचेरी कौलारू असो वा हल्लीच्या रीतीप्रमाणे फरशी बसविलेली असो, तिच्या एका कोपऱ्यात लोखंडी कपाट हटकून असते. आणि अंदाजपत्रकाच्या पहिल्या नमुन्यापासून आरंभ होऊन तेहेतिसाव्या नमुन्यापर्यंत जाणाऱ्या ज्या वह्या त्या कपाटात गावाचा सारा व्यवहार पोटात घेऊन बसलेल्या असतात, त्यांच्याशी नव्या सरपंचाची पहिली गाठ बहुधा निवडणुकीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात पडते. पाचवा नमुना म्हणजे रोकडवही, जिला जुने कारकून रोजकीर्द म्हणत. आठवा म्हणजे घरोघरच्या कराची आकारणी. नववा म्हणजे त्या कराची मागणी, थकबाकी आणि वसुली. ज्याने प्रचाराच्या दिवसांत वेशीपासून वस्तीपर्यंत रस्त्याचे, पाण्याचे आणि दिव्याचे अभिवचन दिले, त्याला या घटकेस कळून येते की रस्ता, पाणी आणि दिवा या तिन्ही गोष्टींची वाट या वह्यांतून जाते, आणि वह्या वाचण्याची विद्या तूर्त गावात एकट्या ग्रामसेवकापाशी आहे. (ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी असे भारदस्त नाव मिळाले आहे, गाव मात्र त्याला अजून भाऊसाहेब म्हणूनच ओळखते.) ग्रामनिधीतून पैसा काढावयाचा तर सही दोघांची लागते, आणि जबाबदारीही दोघांवर येते, पण एकाने जाणून केलेली सही आणि दुसऱ्याने विश्वासावर केलेली सही यांत जे अंतर असते, ते लेखापरीक्षणाच्या आक्षेपातच पुढे उघडे पडते. कायद्याने १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी इयत्तेची अट घातली आहे. ती योग्य की अयोग्य हा वाद येथे नको; इतकेच म्हणावेसे वाटते की सातवी उत्तीर्ण झालेल्यास नववा नमुना कळतोच असे नाही, आणि पदवीधरासही कळतोच असे नाही.

मग तो त्याला शिकवावयाचा कोणी? मतपेटीतून अधिकार निघतो, ज्ञान निघत नाही, ही गोष्ट आपल्याकडे स्थानिक स्वराज्याच्या जन्मापासून ठाऊक होती. लॉर्ड रिपनच्या सरकारने १८ मे १८८२ रोजी जो प्रसिद्ध ठराव केला, त्यातला मुख्य आशयच असा होता की या संस्थांचा विस्तार करावयाचा तो कारभार तात्काळ सुधारेल या आशेने नव्हे, तर लोकांना राज्यकारभाराचे शिक्षण मिळावे या हेतूने. आरंभी कारभार काहीसा बिघडला तरी चालेल, पण माणसे घडली पाहिजेत. परक्या सत्तेच्या या औदार्यामागे तिजोरीवरचा भार स्थानिक करांवर ढकलण्याचा व्यवहारही होता, हे नाकारण्याचे कारण नाही. तरीपण शाळेची इमारत कोणत्या हेतूने बांधली गेली याहून तीत कोण शिकून गेले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो.

आणि शिकून गेलेल्यांची नामावली लहान नाही. महात्मा फुले १८७६ ते १८८३ या काळात पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते, आणि नियुक्त सभासदाने मान डोलवावी हा त्या काळचा शिरस्ता त्यांनी पाळला नाही. मंडईच्या भव्य इमारतीवर पैसा घालण्यापेक्षा तो शिक्षणावर घालावा असे त्यांचे मत होते. ते मत हरले, रे मार्केट उभे राहिले, आणि कालांतराने त्याच मंडईला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. नगरपालिकेच्या इतिहासात हरलेल्या मताचा असा सत्कार क्वचितच झाला असेल. गोपाळ कृष्ण गोखले पुढे याच नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. १९२४ च्या सुमारास तर देशातील महत्त्वाच्या शहरांत एक संपूर्ण पिढीच या शाळेत दाखल झालेली दिसते: अहमदाबादेस वल्लभभाई पटेल नगरपालिकेचे अध्यक्ष, अलाहाबादेस जवाहरलाल नेहरू, कलकत्त्यास चित्तरंजन दास महापौर आणि त्यांच्या हाताखाली मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून तरुण सुभाषचंद्र बोस. गटारे, पाण्याचे नळ, जकात आणि शिक्षकांचे पगार यांचा निकाल लावता लावता ज्यांचा हात बसला, त्यांनी पुढे देशाचा कारभार हाती घेतला तेव्हा तो त्यांना अगदीच परका वाटला नसावा.

नेमक्या याच दशकात, १९२६ साली, मुंबईत एक संस्था स्थापन झाली, जिचे नाव सामान्य वाचकाच्या कानावर फारसे नसले तरी नगरपालिकांच्या कचेऱ्यांत वर्षानुवर्षे परिचित आहे. आज ती अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था या नावाने ओळखली जाते, तिचे स्थानिकराज भवन अंधेरीत आहे, आणि २०२६ साली तिला शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. गावोगावच्या नगरपालिका एकाच प्रकारच्या अडचणींशी झुंजत असता प्रत्येकीने आपापल्या भिंतीआड चुकत राहावे, त्यापेक्षा त्यांचा अनुभव एके ठिकाणी जमा व्हावा, त्याची चर्चा व्हावी, आणि त्यांच्या सेवकांना त्यांच्या कामाचे रीतसर शिक्षण मिळावे, असा या कल्पनेचा गाभा. संस्थेने स्थानिक स्वराज्याची पदविका सुरू केली, स्वच्छता निरीक्षकांचा अभ्यासक्रम चालविला, नियतकालिक काढले. महाराष्ट्रातल्या कित्येक नगरपालिकांतील स्वच्छता निरीक्षक, लेखापाल आणि कार्यालय अधीक्षक याच वाटेने तयार झाले. मात्र येथे एक खंत नमूद केल्यावाचून राहवत नाही. पदविका मिळाली ती कारकुनाला, निरीक्षकाला, हिशेबनिसाला. अध्यक्षाला आणि नगरसेवकाला नाही. नोकराने शिकून यावे आणि मालकाने उपजतच ज्ञानी असावे, अशी काहीतरी आपली समजूत दिसते, आणि ती शंभर वर्षांत पुरती सुटलेली नाही. लोकप्रतिनिधींसाठी वर्ग, परिषदा आणि चर्चासत्रे नंतर पुष्कळ भरली, पण पदविकेला जो धाक असतो तो परिसंवादाला नसतो.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर या शाळेचा विस्तार खेड्यांपर्यंत गेला. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा होता. त्यावर कळस चढला तो वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर उभ्या राहिलेल्या १९६१ च्या अधिनियमाने, आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या प्रत्यक्षात अवतरल्या. नाईक समितीने जिल्ह्याला मध्यवर्ती स्थान दिले. त्या निर्णयावर प्रशासनशास्त्राचे पंडित आजही दोन्ही बाजूंनी बोलतात. पण त्यातून राज्याला पुढाऱ्यांची जी रोपवाटिका मिळाली तिच्याविषयी दुमत असू नये. बाभळगावचे सरपंचपद सांभाळलेले विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले, आणि सांगली जिल्हा परिषदेत कारभाराची मुळाक्षरे गिरविलेले आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री झाल्यावर त्यांनी २०००–०१ साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. गावाने गावाशी स्वच्छतेत स्पर्धा करावी, आणि ती स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग अशी चढत राज्यापर्यंत जावी, ही कल्पना ज्याने सभेच्या शेवटच्या बाकावर बसून गावे पाहिली आहेत त्यालाच सुचावी अशी होती. खेड्यातला माणूस सरकारच्या हुकुमाने जेवढा हलत नाही, तेवढा शेजारच्या गावाच्या वेशीवर नवी कमान पाहून हलतो.

आता परिस्थिती अशी आहे की राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती, ३५१ पंचायत समित्या आणि ३४ जिल्हा परिषदा आहेत. २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने त्यांना घटनेचे कवच दिले, स्त्रियांना एकतृतीयांश जागा दिल्या, आणि महाराष्ट्राने २०११ साली तो वाटा निम्म्यावर नेला. सरपंचाची निवडही या काळात हेलकावे खात राहिली: २०१७ साली ती थेट जनतेतून झाली, २०२० मध्ये पुन्हा सदस्यांकडे गेली, २०२२ मध्ये पुनश्च जनतेकडे आली. परंतु माझ्या विषयाच्या दृष्टीने या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे आरक्षणाचे फिरते चक्र. जी जागा या मुदतीत राखीव, ती पुढल्या मुदतीत खुली किंवा दुसऱ्या वर्गासाठी राखीव. परिणामी ज्यांना पाच वर्षांच्या अखेरीस कारभाराची नस सापडते, त्यांतील बहुतेकांना दुसरी संधीच मिळत नाही. न्याय म्हणून हे चक्र मला मान्य आहे, आणि ते थांबावे असे मी म्हणणार नाही. पण त्याची किंमत एवढी की गावाची कारभारविषयक स्मृती कोणा एका माणसाच्या डोक्यात साठत नाही. ती दर पाच वर्षांनी पुसली जाते आणि पाटी पुन्हा कोरी होते. अशा व्यवस्थेत शहाणपण व्यक्तीच्या बाहेर कोठेतरी ठेवावे लागते: दफ्तरात, परंपरेत, आणि आसपासच्या गावांच्या कारभाऱ्यांच्या संघात.

सरपंचाचे वर्ष कसे जाते ते पाहिले म्हणजे ही गरज किती निकडीची आहे ते ध्यानात येते. दफ्तराचे वर्ष १ एप्रिलला उघडते. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी हे ग्रामसभेचे रूढ दिवस. वर्षातून किमान चार ग्रामसभा झाल्याच पाहिजेत, आणि प्रत्येकीआधी महिलांची स्वतंत्र सभा झाली पाहिजे. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक हवेत. प्रत्यक्षात झेंडावंदन आटोपून लोक शेताकडे वळतात, शाळेच्या ओट्यावर वीस-पंचवीस पागोटी-टोप्या उरतात, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्यामुळे ती पुढल्या तारखेस सुखेनैव पार पडते. ही युक्ती कोणत्याही प्रशिक्षणवर्गात शिकविली जात नाही, तरी राज्यभर सर्वांना अवगत आहे; यावरून सरपंच एकमेकांकडून शिकत नाहीत असे म्हणण्याची सोय उरत नाही. प्रश्न इतकाच की ते काय शिकतात.

मे महिन्यात टँकरची मागणी, जूनमध्ये शाळेची गळती, पावसाळ्यात साथीचे आजार आणि नाल्यांचे तुंबणे, दसरा-दिवाळीच्या सुमारास पुढील वर्षाचा विकास आराखडा. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ पासून ग्रामपंचायतींना थेट निधी दिला, तेव्हा ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने हा आराखडा आला. पंधराव्या आयोगाच्या काळात त्या निधीचे बंधित आणि अबंधित असे दोन भाग पडले, आणि साठ टक्क्यांचा बंधित भाग पाणी व स्वच्छता यांसाठीच राखून ठेवला गेला. ‘बंधित’ हा शब्द आज खेड्यात इतका रुळला आहे की पारावर बसलेले म्हातारेही ‘तो पैसा बंधितातला हाय’ असे सहज बोलून जातात. पण बंधितातून गटाराचे काम कसे बसवावे, कोणत्या कामाला कोणत्या अभियंत्याची तांत्रिक मंजुरी लागते, ठरावाचे शब्द कसे योजावेत म्हणजे पुढे लेखापरीक्षक शेरा मारणार नाही, हे ज्ञान आराखड्याच्या छापील पुस्तिकेत नसते. ते पलीकडच्या गावच्या सरपंचापाशी असते, ज्याने गेल्या वर्षी तीच चूक करून आक्षेप ओढवून घेतला होता.

पुण्यास बाणेर रस्त्यावरील ‘यशदा’ ही सरकारी प्रशिक्षणसंस्था आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील पंचायत राज प्रशिक्षण केंद्रे यांनी नव्या कारभाऱ्यांना शिकविण्याचे पुष्कळ काम केले आहे, आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. तथापि दोन दिवसांच्या वर्गात पडद्यावर कलमे झळकतात, दुपारच्या जेवणानंतर कित्येकांचे डोळे मिटू लागतात, आणि प्रश्नोत्तराच्या तासाला जो-तो आपल्या गावचा अडकलेला प्रस्ताव व्याख्यात्यापुढे मांडू लागतो, हे दृश्य सार्वत्रिक आहे. खरी शिकवण वर्गाच्या बाहेर, चहाच्या टपरीवर चालते. ‘तुमच्याकडं पाणीपट्टी किती?’ हा प्रश्न एका सरपंचाने दुसऱ्यास विचारला म्हणजे समजावे की वर्ग सुरू झाला.

याच गोष्टीला रीतसर रूप देण्याचा प्रयत्न म्हणजे अभ्यासदौरा. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे त्या दौऱ्यांचे जणू तीर्थक्षेत्र झाले आहे. १९८९ साली पोपटराव पवार तेथे सरपंच झाले तेव्हा ते गाव दुष्काळ, दारू आणि भांडणे यांनी ग्रासलेले होते. आणि त्यांनी जे आरंभिले तेही स्वतःच्या मनातून नव्हे, तर त्याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीकडे पाहून. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही सूत्रे त्यांनी शेजाऱ्याकडून घेतली. पुढे स्वतःची भर घातली ती कूपनलिकेवरच्या निर्बंधाची आणि पाण्याच्या ताळेबंदाची. २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण येणाऱ्या पाहुण्यांनी काय पाहिले? बसमधून उतरलेले सदस्य झाडी पाहतात, बांध पाहतात, स्वच्छ रस्ते पाहतात, छायाचित्रे काढतात आणि ‘आमच्या गावात अशी माणसं न्हाईत’ असे म्हणत परततात.

वस्तुतः पाहण्यासारखे आहे ते पावसाळ्यानंतरच्या त्या बैठकीत. गावाने पर्जन्यमापकावर पाऊस मोजलेला असतो, विहिरींची पातळी नोंदलेली असते, आणि त्यावरून यंदा गावाच्या पोटात किती पाणी शिल्लक आहे याचा हिशेब मांडला जातो. प्रथम माणसे आणि जनावरे यांच्या पिण्याचा वाटा बाजूला काढावयाचा. उरलेल्यातून रब्बीला कोणते पीक आणि किती क्षेत्रावर, हे ठरवावयाचे. पाऊस कमी झाला असेल तर ज्या शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी आहे त्यालाही हात आखडता घ्यावयास सांगावयाचे. सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावाने ऊस आणि केळी यांना नकार द्यावा, आणि तो नकार वर्षानुवर्षे टिकावा, यात झाडे लावण्यापेक्षा कितीतरी पट अधिक कठीण असे राज्यकौशल्य आहे. ‘नाही’ कसे म्हटले, कोणी विरोध केला, विरोध करणाऱ्याशी दुसऱ्या दिवशी कोण बोलावयास गेले, हे विचारणारा पाहुणा विरळा. मला तर वाटते, अभ्यासदौऱ्याला निघणाऱ्या प्रत्येक मंडळाला छायाचित्रे काढण्याची मनाई असावी आणि यजमान गावाचे गेल्या पाच वर्षांचे ग्रामसभेचे इतिवृत्त वाचण्याची सक्ती असावी. इतिवृत्तात भांडणे असतात, आणि शिकण्यासारखे जे असते ते बव्हंशी भांडणांतच असते.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याची गोष्ट याच जातीची आहे. भास्करराव पेरे पाटील यांच्या कारकिर्दीत त्या ग्रामपंचायतीने कराची पूर्ण रक्कम भरणाऱ्या कुटुंबाला पिठाच्या गिरणीवर दळण फुकट करून दिले, आणि गावकरी तगाद्यावाचून कर भरू लागले. ही कल्पना ऐकून कित्येक गावांनी गिरणी घेतली. गिरणी सुरू झाली, पीठ दळले गेले, वसुली मात्र होती तेथेच राहिली, असे का व्हावे? कारण गिरणी ही युक्तीचा शेवटला टप्पा होती. तिच्याआधी नववा नमुना खरा करावा लागतो: मेलेल्याच्या नावावरची घरे वारसांच्या नावे लावावी लागतात, पुढाऱ्याच्या माडीची आकारणी माडीसारखीच करावी लागते, आणि कोणाचे किती थकले आहे हे चावडीवर उघड लावण्याचे धैर्य दाखवावे लागते. गिरणी नजरेला दिसते; आकारणीची वही दिसत नाही.

उलटपक्षी, एखादी गोष्ट अशीही असते की जी नुसत्या शब्दाच्या बळावर एका गावातून दुसऱ्या गावात जाते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या मृत्यूनंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. थोड्याच दिवसांत राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हेरवाडचे अनुकरण करावे असे सुचविले, आणि ठिकठिकाणच्या ग्रामसभांत तसे ठराव होऊ लागले. परिपत्रके एरवी मंत्रालयातून उगम पावून गावाकडे वाहतात. येथे उगम गावात होता आणि मंत्रालय केवळ पाटाचे काम करीत होते. ठराव आणि आचरण यांत अंतर राहणारच. पण जेथे कोणा विधवेने हळदीकुंकवाला यावे की न यावे हा प्रश्न आजवर उंबऱ्याआड निकालात निघत होता, तेथे तो ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आला.

स्त्रियांचा विषय निघालाच आहे तर थोडे थांबावयास हवे. निम्म्या जागा स्त्रियांना मिळाल्या तरी सरपंचबाईंच्या घरी फोन करून ‘सरपंच आहेत का?’ असे विचारणारा माणूस बहुधा त्यांच्या यजमानांची चौकशी करीत असतो. ‘सरपंचपती’ हे पद कोणत्याही अधिनियमात नाही, पण कचेरीत त्याला खुर्ची आहे. सभेत तिला ‘वहिनी’ म्हणतात, म्हणजे ती कोणाची तरी कोणी आहे एवढेच मान्य करतात. या कोंडीतून सुटण्याचा मार्ग अधिकाऱ्यांच्या उपदेशाने सापडल्याची उदाहरणे थोडी. सापडला तो बहुधा दुसऱ्या सरपंचबाईंच्या सहवासाने. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीच्या वातावरणात जळगाव जिल्ह्यातील विटनेरसारख्या गावाने, घटनादुरुस्ती होण्याच्या आधीच, संपूर्ण स्त्रियांची पंचायत निवडून दिली होती, ती काही कोणा खात्याच्या योजनेमुळे नव्हे. चार गावच्या चार स्त्रिया महिन्यातून एकदा एकत्र बसल्या, आणि त्यांतल्या एकीने ‘मी कोऱ्या धनादेशावर सही करीत नाही’ असे सांगितले, तर उरलेल्या तिघींना जे बळ येते ते तीन दिवसांच्या शिबिराने येत नाही.

येथेच सरपंचांच्या संघटनांचा प्रश्न उपस्थित होतो. संघटना आपल्याकडे आहेत. सरपंच परिषदा भरतात, मोर्चे निघतात, आणि त्यांचा परिणामही होतो. २०२४ साली सरपंचांचे मानधन दुप्पट झाले आणि लहान गावच्या सरपंचाला महिना सहा हजार, मोठ्या गावच्यास दहा हजार असे ते ठरले, ते संघटित मागणीवाचून झाले नसते. महिना तीन हजारात गावाचा संसार चालविण्याची अपेक्षा करणे ही थट्टाच होती, तेव्हा ही मागणी सर्वस्वी रास्त होती. पण मागणीसाठी जमलेला समुदाय मागणी मान्य होताच पांगतो. शिकण्यासाठी जमलेला समुदाय टिकावयाचा असेल तर त्याला दुसऱ्यापुढे आपली चूक कबूल करण्याची सवय लावून घ्यावी लागते, आणि ती सवय आपल्या सार्वजनिक जीवनात फारशी रुजलेली नाही.

केरळात ती काही अंशी रुजली, असे दिसते. १७ ऑगस्ट १९९६ रोजी, मल्याळी नववर्षाच्या दिवशी, तेथे लोकयोजनेची मोहीम सुरू झाली आणि राज्याच्या योजनानिधीतील पस्तीस ते चाळीस टक्के भाग स्थानिक संस्थांच्या हवाली करण्याचे ठरले. त्रिचूरजवळ १९९० पासून उभी असलेली स्थानिक प्रशासनाची संस्था, ‘किला’, आणि ग्रामपंचायतींचा स्वतःचा संघ यांनी अनुभवाची देवघेव हे नित्याचे काम मानले. इंग्लंडातील पद्धत आणखी निराळी. तेथील स्थानिक सरकारांचा संघ १ एप्रिल १९९७ रोजी तीन जुन्या संघटना एकत्र येऊन झाला. सरकारी लेखापरीक्षण आयोग गुंडाळला जात असता या संघाने ‘समकक्षांनी समकक्षांची तपासणी’ हा मार्ग धरला. एका नगराचा निवडून आलेला सभासद आणि काही अनुभवी अधिकारी दुसऱ्या नगरात काही दिवस मुक्काम करतात, कागद वाचतात, नोकरांशी, विरोधकांशी आणि नागरिकांशी बोलतात, आणि जाताना आपला अभिप्राय लेखी देऊन जातात. तो प्रसिद्ध होतो, आणि यजमानाला त्यावर कार्यवाहीचा आराखडा करावा लागतो. या मार्गानेही तेथील काही नगरे दिवाळखोरीपासून वाचली नाहीत, हे सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. मित्राने केलेली तपासणी कधीकधी फार मित्रत्वाची होते. आपल्याकडे १९३० च्या अधिनियमापासून स्थानिक निधीचे लेखापरीक्षण चालत आले आहे, आणि त्याचा दंडक सोडण्याचे कारण नाही. पण लेखापरीक्षक झालेली चूक सांगतो, आणि शेजारचा सरपंच होऊ घातलेली चूक सांगू शकतो.

मध्यंतरी, २०२२ पासून, राज्यातील कित्येक महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदा आरक्षणाच्या खटल्यांमुळे मुदत संपूनही निवडणुकीवाचून राहिल्या आणि वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती गेल्या. रस्ते झाडले गेले, दाखले मिळाले, निविदा निघाल्या. कारभार थांबला नाही. थांबले ते शिक्षण. ज्या तरुणाने त्या काळात प्रभागाच्या पाण्याच्या वेळापत्रकावरून आयुक्तांशी वाद घालावयाचा, अंदाजपत्रकातील एक तरतूद दुसऱ्या मथळ्याखाली वळविण्यासाठी विरोधकाला समजवावयाचे, हरावयाचे आणि पुन्हा उभे राहावयाचे, त्याची ती वर्षे फलक लावण्यात आणि वाढदिवस साजरे करण्यात गेली. एका पिढीची इयत्ता बुडाली. त्याचा हिशेब कोणत्याही नमुन्यात मांडलेला नाही.

पुन्हा त्या लोखंडी कपाटाकडे येऊ. मार्च महिना सरत आला आहे. वसुलीच्या पावत्यांचे ठोकळे टेबलावर पडले आहेत, ग्रामसेवक रोकडवहीची बेरीज तिसऱ्यांदा करीत आहे, आणि वर्षापूर्वी ज्या सरपंचाला नववा नमुना परकी भाषा वाटत होता तो आता थकबाकीदारांची यादी पाहताच कोणाचे घर विकले गेले आणि कोणाची फेरफाराची नोंद राहिली ते तोंडी सांगतो. तेवढ्यात पलीकडच्या गावचा, नुकताच निवडून आलेला एक जण दुचाकीवरून येतो, चहा घेतो, आणि आढेवेढे घेत विचारतो, ‘अण्णा, तुमची वही जरा बघायला मिळल का?’ अण्णा क्षणभर घुटमळतात, कारण गेल्या वर्षीच्या लेखापरीक्षणाचा आक्षेप, आणि त्याला दिलेले अर्धवट उत्तर, त्याच धारिकेत लावलेले आहे. मग ते किल्लीचा जुडगा काढतात, कपाट उघडतात, आणि धारिका आक्षेपाच्या पानासकट त्याच्यापुढे सरकवतात.